वगळलेलं दार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या चाळीत यायचा प्रश्नच नाही — आणि आलात तरी सावंतवहिनींसमोर तोंड उघडणार नाही.

घाटकोपरच्या टेकडीवर आमची चाळ. घरोघरी नळ आहे, पण पाणी पहाटे कधी येईल त्याचा नेम नाही, आणि आलं की लगेच जातं. म्हणून एकीने नळ उघडा ठेवून पडायचं, तो फुसफुसला की उठून गॅलरीभर सगळ्यांची दारं वाजवत जायचं. नवरा गेला, माझी झोप गेली, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं. त्यात जड काय होतं? याच दारांनी तेरा दिवस मला जेवू घातलं होतं. सावंतवहिनींकडून तर रोज पेज यायची.

मग संक्रांत आली. वहिनींकडे हळदीकुंकू. त्या दारोदार बोलवायला निघाल्या — माझ्या अलीकडच्या दाराशी थांबल्या, पलीकडच्या दाराशी थांबल्या. मी दारातच तांदूळ निवडत बसले होते. "जेवलीस काय गं?" म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

त्यांच्या मनात वाईट नव्हतं? नसेल. विधवेला बोलवत नाहीत, ही रीतच? असेल. पण त्यांनी शिवी दिली असती तर परवडलं असतं. माझं दार वगळलंत ना — मग थांबा.

घाई केली नाही मी. रोज त्यांचं दार वाजवत राहिले. उन्हाळ्यात त्यांच्या प्राचीचा साखरपुडा घरातच ठरला. आदल्या दिवशी कणकवलीचे पाहुणे उतरले आणि पिंपं रिकामी झाली. पहाटे नळ फुसफुसला. मी एकेक दार वाजवत निघाले. त्यांच्या दाराशी पाय थांबले — खोटं कशाला बोलू, थांबले. मग चपला हातात घेतल्या आणि पुढे गेले.

वहिनी उठल्या तेव्हा नळ कोरडा. ओट्यावर खरकट्याचा ढीग, घरभर पाहुणे, दुपारी मुलाकडची माणसं येणार. प्राची उंबऱ्यात बसून रडत होती. मला गोड वाटलं. हो, गोडच.

पण माझा हिशेब चाळीने चुकवला. कुणी कळशी काढली, कुणी हंडा; लोकांनी स्वतःच्या आंघोळी राहू दिल्या आणि त्यांची पिंपं भरली. सगळे देतायत म्हटल्यावर मीही दोन बादल्या नेल्या. वर म्हणाले, मी वाजवलं होतं वहिनी, तुम्हाला ऐकू आलं नसेल.

"माझीच मेली झोप गाढ," त्या म्हणाल्या. "तू तरी किती करशील गं."

पुढच्या संक्रांतीला त्या कुंकवाचं ताट घेऊन सगळ्यात आधी माझ्या दाराशी आल्या. "वेळेला तू धावलीस. कोण काय बोलतं ते बघते मी." गॅलरीतल्या बायका बघत होत्या, एकीने डोळे पुसले. त्या क्षणी बोलायला हवं होतं ना मी? मी कपाळ पुढे केलं.

आता पहाटे पहिलं दार मी त्यांचं वाजवते. त्यांना ती माया वाटते. मला मात्र ती कोरडी पिंपं आठवतात — आणि अजूनही बरं वाटतं.