रिंगा बसेपर्यंत

रविवारी सकाळी मी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि धुळ्याहून भाच्याचा, प्रशांतचा फोन आला. नाना, माझा थोरला भाऊ आणि प्रशांतचे वडील, जळगावला माझ्याकडेच यायला निघाला होता. इंजिन गरम व्हावं म्हणून गाडी दारात सुरू करून पाणी प्यायला आत आला, खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. डॉक्टर येऊन गेले, शेजारीपाजारी जमले, तरी बाहेर गाडी चालूच होती... ती बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

एरवी नाना म्हणजे भाऊबीजेला येणार आणि हात धुतले की चपला शोधणार. बहिणीच्या सासरी कामाशिवाय जायचं नाही, हा आमच्याकडचा जुना बाणा. माझे यजमान गेले, मुलगा पुण्याला, घरात मी एकटी. नाना फोनवर विचारायचा, "बठ्ठं बरं शे ना?" मी म्हणायची, "शे." संपलं बोलणं. मग दिवाळीनंतर त्याने आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीचं इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधून घेतलं आणि पुढच्याच रविवारी दारात हजर. म्हणाला, "गाडी रनिंगमा शे. रिंगा बसतस तोवर हळू चालाडनी पडस." इंजिनातल्या पिस्टनच्या नव्या रिंगा घासून नीट बसेपर्यंत गाडी सावकाश चालवायची, त्याला रनिंग म्हणतात. म्हणजे माझ्याकडे नाही, गाडीच्या कामाला आला होता.

तेव्हापासून दर रविवारी पारोळा, एरंडोल करत तो ताशी चाळीसने यायचा. मागच्या काचेला आतून पुठ्ठा लावलेला, त्यावर त्याच्या गोल अक्षरात, 'इंजिन नवीन आहे, पुढे जा.' जेवण झालं की मला शेजारी बसवून पहूरच्या रस्त्याला न्यायचा. ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देत आमच्या पुढे जायचे. लाज मला वाटायची, त्याला नाही. "जाऊ दे त्यासले. आपलं इंजिन नवं शे." एकदा सावद्याच्या नणंदेने धाडलेले केळीचे घड मी डिकीत ठेवायला गेले, तर पठ्ठ्याने एक फणी तेवढी घेतली. नव्या इंजिनावर ओझं नको म्हणे. माझं वजन मात्र त्याने कधी ओझ्यात धरलं नाही.

नवं इंजिन एकाच वेगाने हाकायचं नसतं. थोडा वेग वाढवायचा, मग पाय उचलायचा. यजमानांचा विषयही तो तसाच काढायचा. जरा पुढे न्यायचा, माझा आवाज बदलला की सोडून कपाशीवर यायचा... त्या रस्त्यावरच मी पहिल्यांदा मोकळी रडले. त्याने गाडी आणखी हळू केली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ मुराळी होऊन येतो आणि सासरच्या बहिणीला माहेरी नेतो. आई गेल्यापासून शिंदखेड्याजवळचं आमचं गाव मी आखाजीला पाहिलं नव्हतं. नाना म्हणाला होता, "रिंगा बसू दे, आखाजीले तुले लेवाले मीच येसू." या वयात झोका खेळशील का, म्हणून चिडवायचाही. मी हसायची, पण मनातून वाट बघू लागले होते.

दहाव्याला त्याचे मेकॅनिक भेटायला आले. मी म्हटलं, "नानाचं रनिंग अर्धवटच राहिलं हो." ते माझ्याकडे बघतच राहिले. "अक्का, रनिंग तर संक्रांतीआधीच संपलं. मीच ऑइल बदलून दिलं. म्हटलं, आता दामटा बिनधास्त." मला आधी रागच आला. खोटारडा! मग लक्षात आलं, यायला त्याला काहीतरी काम लागत होतं, आणि मला तरी कुठे 'ये रे' म्हणता येत होतं?

आखाजीला प्रशांत न्यायला आला, तीच गाडी घेऊन. आखाजीला पितरांची घागर भरतात; माहेरी यंदा नानाच्या नावाची भरायची होती. बसताना त्याने विचारलं, "आत्या, हा पुठ्ठा काढू का आता?" मी म्हटलं, राहू दे. एरंडोल सोडल्यावर रस्ता मोकळा लागला, तसा त्याने वेग वाढवला. गाडी अशी सुरेख पळत होती की नाना असता तर खूश झाला असता.

मी म्हटलं, "हळू चालाड बाबा. आपलं इंजिन नवं शे."