हळू चालणारा पुढे

शर्यतीत शेवटी आलेल्या मुलाला जन्मभर लक्षात ठेवणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे, आणि तो आमच्या शाळेत पीटी शिकवायचा. मी गणिताची शिक्षिका. माझ्या तर पहिले आलेलेसुद्धा लक्षात राहत नाहीत. पण पीटीच्या सरांना मांजरी गावाच्या रस्त्यावर एखादा मिशीवाला गृहस्थ बायकोमुलांसकट दिसला, की ते स्कूटर बाजूला घेऊन ओरडणार, "काय रे, पंधराशे मीटर, शेवटचा! बरा आहेस ना?" आणि तो गृहस्थही लाजून खूष होणार. हाच गृहस्थ शाळेत असताना एका क्रीडादिनाला इतका वेळ धावत होता, की प्रमुख पाहुणे भाषण करून, नारळ घेऊन, चहा पिऊन निघूनही गेले. मंडपवाला खुर्च्या गोळा करत होता. सर मात्र वाकून अंतिम रेषेवर पुन्हा फक्की टाकत होते, कारण मुलगा पोचेल तेव्हा त्याला रेघ दिसली पाहिजे. मी म्हटलं, "अहो सर, आता पुरे." तर वर न बघताच म्हणाले, "बाई, पहिला आला तो रोजच पळतो. हा आज पळतोय."

सरांच्या गळ्यातली शिट्टी मी कधी उतरलेली पाहिली नाही. मुलीच्या लग्नातही ती रेशमी झब्ब्यावर होतीच. शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि पाहुणे जेवणाच्या हॉलकडे धावले, तेव्हा सवयीनं सरांनी ती वाजवली. चारशे माणसं होती तिथे उभी राहिली, नवरामुलगासुद्धा, हार घालायला उचललेले हात तसेच धरून. विहीणबाई अजून सरांशी जरा जपूनच बोलतात.

पण सर खरे फुलायचे ते ट्रेकच्या दिवसांत. आठवडाभर आधी स्टाफरूमच्या दारात मार्केट यार्डातल्या आडत्या मेव्हण्याकडून आणलेला ताणकाटा टांगला जायचा. प्रत्येक मुलानं आपली सॅक त्याला लटकवायची. वजन जास्त भरलं, की सर आत हात घालून जादा माल बाहेर काढायचे: केसांचा जेल, तीन पॉवरबँका, एकदा चक्क इस्त्री. माझ्या पिशवीतून सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा निघाला, तेव्हा म्हणाले, "हे राहू द्या बाई. गडावर कुणी नापास होत नाही." खराडीला मोठ्या कंपनीत असलेल्या एका पालकांनी सभेत उठून विचारलं, "सर, या ट्रेकचा लर्निंग आउटकम काय?" सर म्हणाले, "पाय दुखतात," आणि पुढच्या पालकांकडे वळले.

चढताना त्यांचा नियम एकच. सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांत पुढे, बाकीच्यांनी त्याच्या चालीनं मागून यायचं, आणि त्याला कुणीही ओलांडायचं नाही. सर स्वतः शेवटी असायचे, आणि थोड्या थोड्या वेळानं तिथून एक शिट्टी यायची, म्हणजे शेपूट आलंय, चालत राहा. या नियमाच्या कृपेनं माझ्या बांध्याची बाई सलग अकरा वर्षं शाळेच्या प्रत्येक चढाईत आघाडीवर राहिली आहे. घरी मी एवढंच सांगते, कारण सांगत नाही.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी मात्र त्यांचा गुडघा रुसला. मैदानावर ते एका जागी उभे राहून शिट्टीवरच तास काढायला लागले, आणि स्टाफरूमचा जिना एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत चढायला लागले. हे फक्त मला दिसलं, कारण त्या जिन्यावर त्यांच्याइतका वेळ घेणारी मीच. डिसेंबरमध्ये तिकोन्याचा ट्रेक ठरला, तेव्हा त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं. "मोठ्या बाईंना बोलू नका. कळलं तर बसमध्ये डबे राखायला बसवतील. एवढा एकच गड करू द्या मला पोरांबरोबर." मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. एरवी नियमांबाबत मी फार कडक आहे, पण तेव्हा गप्प राहिले, आणि ट्रेकच्या आदल्या रात्रीपर्यंत मला धड झोप लागली नाही.

त्या दिवशी पुढे मी होते, आणि माझ्याबरोबर मांजरीच्या ऊसवाल्या घरातली, आठवीतली वैष्णवी. तीही आमच्याच पंथातली, दर दहा पावलांना पाणी पिणारी. आमच्या मागे बेचाळीस मुलं कंटाळून गाणी म्हणत होती. सुरुवातीला शिट्टी वेळेवर येत होती. मग ती लांबून यायला लागली, आणि शेवटच्या उभ्या पायऱ्यांच्या पायथ्याशी आम्ही पोचलो तेव्हा येईनाशीच झाली. मी रांग थांबवली. मी मोठ्या बाईंना सांगायला हवं होतं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

बऱ्याच वेळानं सर झाडीतून वर आले, घामानं निथळत, एका हातानं मांडी दाबत. आम्हाला उभं बघून आवाज चढवला, "थांबलात कशाला? व्हा पुढे. मी इथे सॅका राखत बसतो." आणि एका दगडावर बसलेसुद्धा, मुलांकडे पाठ करून. सरांना पाठमोरं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

वैष्णवी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सर, तुमचा गुडगा दुखतोय ना? मग तुम्ही फुडं चला. तुमचाच नियम हाय."

"नियम मुलांसाठी आहे," सर गुरकावले.

"मग बाई कशा काय फुडं असतात?"

मुलं फिदीफिदी हसली. मग अकरा वर्षं सांभाळलेली माझी जागा मी सोडली आणि बाजूला झाले. सर उठले. एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत, लोखंडी तार धरून ते चढले. त्यांच्यामागे मी, आणि माझ्यामागे बेचाळीस मुलं प्रत्येक पायरीवर थांबत होती. एकानंही "चला ना" म्हटलं नाही.

वर पोचल्यावर सर कड्यापासून बरेच आत थांबले. खाली पवनेचं पाणी पसरलेलं होतं, माथ्यावर आमच्याशिवाय अजून कुणी नव्हतं. "बाई, मी येतो तेव्हा इथे नेहमी पोरांची गर्दी असते," ते म्हणाले. "रिकामा गड असा दिसतो होय?" इतक्या वर्षांत त्यांनी एकही गड सगळ्यांच्या आधी पोचून पाहिला नव्हता, हे मला तेव्हा कळलं, आणि मला रडू आलं. मी घाम पुसल्यासारखं केलं.

मे महिन्यात सर निवृत्त झाले. यंदाच्या ट्रेकला पुन्हा मीच पुढे होते. मागे नवीन सर होते, चांगले आहेत, त्यांच्याकडे वॉकीटॉकी आहे, आणि शेपूट आल्याचं ते तिच्यावरून मला नीट कळवत होते. तरी चढताना मी दर वळणावर थांबत होते. मुलांना वाटलं, बाईंना दम लागला. मी शिट्टी ऐकत होते.