टाळ्यांनी भरवलेली काकडी

सरांनी मला मध्ये बसवलं आणि माझ्यासमोर काकडीची ताटली ठेवली. भोवती शिबिरातल्या कबड्डीच्या पोरींचं रिंगण. "आपण हिला धीर देऊया," सर म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या.

शिबिर जव्हारला होतं. सर मुंबईचे. कधी ओरडले नाहीत, कधी हात उगारला नाही. चुकलं तरी शाबास म्हणायचे. आमच्या आश्रमशाळेत छडीशिवाय दिवस जात नसे, त्यामुळे हा माणूस आम्हाला देवच वाटला. खेळातून चारित्र्य घडतं, असं ते रोज सांगायचे. जिल्ह्याचा संघ त्याच शिबिरातून निवडणार होते. चढाईत मला तोड नाही, असं पोरीच म्हणायच्या. संघात जायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

तर काकडी. आमच्या पाड्यावर नवं पीक आधी देवाला आणि वाडवडिलांना दाखवतात, मग घर खातं. तोवर जीव गेला तरी नवी काकडी तोंडात घालत नाहीत. आमच्या घरचं अजून व्हायचं होतं. बाकीच्या पोरींचं झालं असेल, नाहीतर त्या गप्प बसल्या असतील. मी सरांना हळूच म्हटलं, मला ही नको, बाकी सगळं खाईन. सर हसले. संघ एकत्र खातो म्हणाले. भीती जिंकायची असते म्हणाले. भीती कसली डोंबलाची? मी नुसती थांबले होते.

टाळ्या थांबेनात. माझ्या मैत्रिणीही वाजवत होत्या, माझं नाव घेऊन, हसत हसत. हसऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. रडू आलं. खाल्ली. सरांनी पाठ थोपटली आणि मोबाईलवर फोटो काढला.

रविवारी आय भेटायला आली. तिला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "तुझा हात कोनी धरला होता का?"

"नाय."

तिने आणलेली नागलीची भाकर ठेवली आणि निघून गेली. तिला काय सांगणार होते मी? मारलं असतं तर वळ तरी दाखवला असता.

शेवटच्या दिवशी पाहुणे आले. सरांनी माईक माझ्या हातात दिला, तू कशी बदललीस ते सांग म्हणाले. मी म्हटलं, "मी बदलले नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला खायला लावलं."

वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल. कसलं काय! सरांनी माईक घेतला आणि म्हणाले, बघा, किती प्रामाणिक मुलगी. पुन्हा टाळ्या. माझं ‘नाही’सुद्धा त्यांनी स्वतःच्या खिशात घातलं.

संघात माझं नाव नव्हतं. मनाने अजून तयार नाही, असं कारण कळलं. तक्रार कुणाकडे करायची, आणि काय करायची? सर गोड बोलले, अशी?

आता साखरशेत गावच्या पोरींना मी कबड्डी शिकवते. यंदाही त्याच सरांचं शिबिर आहे. निवड तिथूनच होते, दुसरी वाट नाही, म्हणून पोरींना न्यावंच लागणार. पण त्यांना सोडून मी परत येणार नाही. शिबिरभर तिथेच बसणार. जी पोरगी कशालाही नको म्हणेल, तिच्या शेजारी जाऊन बसणार. मला तिथून उठवायचं असेल, तर सरांना सगळ्यांदेखत हात धरून ओढावं लागेल.