माळावरचे बिराजदार सर

नाव : अण्णाराव बिराजदार. मूळ गाव मैंदर्गी, हल्ली मुक्काम सोलापूर. प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सदर इसम मत्स्यव्यवसाय व वन्यजीव संवर्धनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना विनामूल्य, विनापरवाना व विनाकारण मार्गदर्शन करीत असल्याचे आढळून येते. संवर्धनातील प्रत्यक्ष योगदान : निरंक.

माशांकडे जाणाऱ्या पोरांना सर आधी मासळी बाजारात उभं करतात. स्वतः कट्टर शाकाहारी, म्हणून नाकाला रुमाल लावून. कटला मासा समजून चिलापी उचलून आणणारा अकलूजचा युवराज आज मत्स्यबीज केंद्र सांभाळतो. ही गोष्ट सर आल्या-गेल्याला सांगतात, चिलापीसकट.

वन्यजीववाल्यांना मात्र ते शहराबाहेरच्या माळावर नेऊन बसवतात. “सुम्मनिरु,” हा त्यांचा कानडी हुकूम. म्हणजे गप बस आणि बघ. माळ दिसायला उजाड, पण काळवीट, लांडगा, चंडोल सगळे त्या उघड्या गवताच्याच जिवावर.

मोहोळची दीक्षा तिथंच तयार झाली. लांडग्यांच्या पाहणीसाठी नोकरीची जागा एकच निघाली आणि निवड ज्यांच्या हाती, त्याच वनखात्याच्या साहेबांनी त्या माळावर वृक्षारोपण ठेवलं. मांडव, नारळ, खड्डे, सगळं सज्ज. ओळख व्हावी म्हणून सर दीक्षाला घेऊन गेले. साहेबांनी पहिलं रोप कौतुकानं तिच्याच हातात दिलं.

“सर, लावू?” ती कुजबुजली.

उभ्या नोकरीत सरांना इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. “नोकरी तुझी हाय,” ते म्हणाले. “तूच ठरव.”

दीक्षानं रोप टेबलावर ठेवलं. “साहेब, हितं झाडं नकोत. सावली झाली की गवत जातंय, गवत गेलं की काळवीट जातंय. मग लांडगा शेळ्यांवर येतोय आन् तुमी पंचनामे करत बसताय.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. “बिराजदार, ही तुमची विद्यार्थिनी?”

लहान हाय, चुकून बोलली, असं म्हणून सावरून घेता आलं असतं. सरांनी कॉलर ताठ केली. “व्हय. माझीच की!”

साहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग फोटोग्राफरकडे. “रोपं शाळेच्या आवारात न्या. फोटो तिकडं काढू.” गाडीत बसता बसता ते थांबले. “आणि हिला म्हणावं, मुलाखतीत हेच बोल.”

ती तेच बोलली. खड्डे बुजवलेत, आणि दीक्षा आता त्या माळावर पगार घेऊन लांडगे मोजते.