सुकाणूवाल्याने कप्तानाला सोडलं

ठिणगीबद्दल लिहावं एवढं मला त्याच्याबद्दल ठाऊक नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या दोन गाळ्यांच्या मध्ये फळ्यांची भिंत होती. अलीकडे माझं शिवणयंत्र, पलीकडे त्याचं धार लावायचं चाक. पण त्याची बायको कशाने गेली, तो लहानपणी कुठे वाढला, त्याला मित्र होते का, यातलं मी कधी विचारलं नाही. मला विचारायला जड जातं, त्याला सांगायला जड जायचं. आता तो नाही आणि बाजारात त्याची आठवण काढणारंही फारसं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. लिहिणं हे माझं काम नव्हे. कापड असतं तर चुकलं तिथे निदान उसवता आलं असतं.

चाकावर पातं टेकवलं की ठिणग्यांचा फवारा उडायचा, म्हणून बाजाराने त्याला ठिणगी हे नाव दिलं. सगळ्या खाटकांच्या सुऱ्या त्याच्याकडेच यायच्या. धार काढली की पात्याच्या कडेला लोखंडाची केसाहून बारीक झालर राहते. चामड्याच्या पट्ट्यावर सुरी उलटसुलट ओढून ती काढावी लागते. तशीच राहिली तर सुरी पहिल्या काही कापांना वस्तऱ्यासारखी चालते, मग झालर दुमडते आणि सुरी मांसात न शिरता घसरते. घसरलेली सुरी समोर जे असेल त्यात जाते. हे त्यानेच मला एकदा समजावलं होतं. पट्टा झाला की तो डाव्या हातावरचे केस त्या सुरीने तासून बघायचा. त्यामुळे तो हात कोपरापर्यंत कायम गुळगुळीत. खाटीक म्हणायचे, आमचा ठिणगी अर्धाच वयात आलाय.

माझ्या गाळ्यात पाठीला कुबड असलेला एक जुना टीव्ही होता. शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून तो आणि त्याची मुलगी माझ्याकडे समुद्री चाच्यांची मालिका बघायला यायची. त्यात एक कप्तान होता. तो खलाशांना डोलकाठीला बांधून चाबकाने सोलायचा. सुरुवातीलाच त्याने जहाजाच्या सुकाणूवाल्याच्या धाकट्या भावाला असं मारून समुद्रात फेकलं आणि सुकाणूवाल्याने शपथ घेतली की याला मी माझ्या हाताने संपवीन. मुलगी तलवारी बघून हसायची. म्हणायची, बाबा, याने लोणी तरी कापेल का? ठिणगी अगदी गंभीरपणे सांगायचा की खारं वारं लागतं, पोरी, गंजणारच.

मग तिचं लग्न झालं. जावई बाजारातलाच खाटीक, मटणाचं मोठं दुकान, बोलायला गोड. वर्ष उलटायच्या आत ती एकदा जबड्याला फडकं बांधून आली. जिन्यावरून पडले म्हणाली. पुढच्या वेळी मनगट मोडलं होतं, आणि जिना तोच होता. तिसऱ्या वेळी तिने काही कारण सांगितलंच नाही. एका डोळ्याच्या जागी नुसती काळीनिळी सूज होती.

ठिणगी लोखंडी नळी घेऊन दुकानात गेला. जावयाने आणि त्याच्या गड्याने त्याला ओढत बाहेर आणलं आणि गटाराच्या कडेला लाथांनी तुडवलं. गळ्याजवळचं हाड मोडलं त्याचा आवाज समोरच्या भाजीवाल्यापर्यंत गेला. शेवटी मुलगी त्याच्या अंगावर आडवी पडली तेव्हा ते थांबले. इस्पितळात तिने बापाकडून वचन घेतलं की पुन्हा हात उचलायचा नाही. तुम्ही एकदा उचलला की घरी मला दुप्पट पडतात, म्हणाली. तिला निघून ये म्हणावं, तर नवऱ्याने सांगून ठेवलं होतं की तू गेलीस तर मी आधी तुझ्या बापाच्या गाळ्यात जाईन.

त्यानंतर ठिणगी त्या दुकानाकडे फिरकला नाही. जावयाच्या सुऱ्या मात्र गड्याच्या हाती येतच राहिल्या आणि तो त्यांना धार लावतच राहिला. सुरीने काय केलंय, म्हणायचा. शनिवारी तो एकटा यायचा आणि स्टुलाच्या कडेवर बसायचा. आता त्याचं सगळं लक्ष सुकाणूवाल्याकडे असे. कप्तानाचा चाबूक उठला की याची मूठ वळायची. भाजीवाला टोमणा मारायचा, "काय ठिणगीशेठ, तुमचा माणूस अजून सुकाणूच फिरवतोय?" ठिणगी शांतपणे म्हणायचा, "शेवटच्या भागात बघा." आपण वचनात अडकलोय, पण तो अडकलेला नाही, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. मी नक्की सांगू शकत नाही.

शेवटचा भाग सुरू झाला तो आगीनेच. दोन जहाजं एकमेकांवर आदळली, तोफेच्या गोळ्याने एका खलाशाचं डोकं उडालं, रक्ताने निसरड्या झालेल्या फळ्यांवर माणसं एकमेकांना भोसकत होती. ठिणगी डोळ्याची पापणी न हलवता बघत होता. अखेर सुकाणूवाल्याने कप्तानाला खाली पाडलं. छातीवर गुडघा, गळ्यावर पातं. ठिणगी उभा राहिला. पडद्यावर बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होता. मग सुकाणूवाल्याने तलवार समुद्रात भिरकावली, कप्तानाला छोट्या होडीत बसवलं आणि म्हणाला की मी तुझ्यासारखा होणार नाही. होडी सूर्यास्ताकडे गेली. मागे व्हायोलिन वाजत होतं.

ठिणगी ओरडला नाही. माझी इस्त्री, ती जुनी, लोखंडाची, त्याने उचलली आणि टीव्हीत घातली. काच फुटून गाळाभर उडाली. त्याने आणखी एकदा घातली, मग आणखी एकदा, आतल्या तारा बाहेर येईपर्यंत. त्याच्या मनगटातून रक्त ओघळत होतं. इस्त्री तिच्या जागी नीट उभी ठेवून तो खाली बसला आणि माझ्या कापडांतून काचा वेचायला लागला.

"मास्तर," तो म्हणाला, "हे लिहिणाऱ्याला मुलगी नसणार."

सोमवारी गडी जावयाच्या सुऱ्या टाकून गेला. दुपारभर पलीकडे चाक फिरत होतं. चाक थांबलं की पट्ट्याचा चट-चट आवाज यायचा, तो बाकीच्या सुऱ्यांना आला. एकीला आला नाही. दमला असेल, असं मला वाटलं आणि मी काजं करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मटणाच्या रांगेतून किंकाळी उठली. हाडावरून मांस सोडवताना जावयाची सुरी घसरली आणि मांडीच्या वरच्या अंगाला मुठीपर्यंत घुसली. रक्त कारंज्यासारखं समोरच्या फरशीवर, काट्यावर, टांगलेल्या बोकडांवर उडत होतं. गडी पळाला. मुलीने त्या जखमेत स्वतःची मूठ खुपसली आणि गाडी येईपर्यंत काढली नाही. नवरा वाचला तो तिच्या मुठीने. पाय मात्र कायमचा गेला. ठिणगीने बातमी ऐकली, मान हलवली आणि पुढचं पातं चाकाला लावलं. त्याच्या तोंडावर समाधान होतं म्हणावं तर होतं.

संध्याकाळी मुलगी आली. तिच्या कोपरापर्यंत रक्त वाळलं होतं. तिने फडक्यातून ती सुरी काढून बापासमोर ठेवली आणि पात्यावर अंगठा आडवा फिरवला. चाकाशेजारी वाढलेली पोर ती. मधल्या भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"ही पट्ट्यावर ओढली होती?"

पलीकडे चाक थांबलं.

"बाबा, आज पहिल्यांदा ही मीच धरली होती. गडी नीट काम करत नाही म्हणून महिनाभर मांस मीच सोडवते. दोन मांड्या मी सोडवल्या. तिसरीला सुरी अडायला लागली म्हणून तो माझ्यावर खेकसला आणि हातातनं हिसकून घेतली."

"तू सुरी धरतेस हे मला ठाऊक नव्हतं," ठिणगी म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"सांगितलं असतं तर तुम्ही परत नळी घेऊन आला असता." मग ती म्हणाली, "त्याचा मार कुठून येणार ते मला कळतं तरी."

ती गेली. थोड्या वेळाने चाक सुरू झालं. नेहमीचा आवाज लोखंडावरचा, किणकिणता. हा ओला होता. मी धावत गेलो. ठिणगीने डावा तळवा फिरत्या चाकावर दाबून धरला होता आणि तो चाकाकडे बघतही नव्हता. मी विजेची तार उपटली, तोवर दोन बोटांची हाडं उघडी पडली होती. माझ्याकडचं सगळं अस्तर मी त्या हाताला गुंडाळलं. तो एवढंच म्हणाला की तुमचं कापड वाया गेलं.

जावई कुबड्यांवर घरी आला. मुलीने त्याच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्याच दिवशी ती गाव सोडून गेली. त्याला आता तिच्या मागे धावता येत नव्हतं, बापाच्या गाळ्यापर्यंतही येता येत नव्हतं. लांब कुठल्यातरी कारखान्याच्या उपाहारगृहात तिला काम मिळालं. बापाला तिने पत्ता दिला नाही. ठिणगी एका हाताने कात्र्यांना धार लावायचा, खाटकांच्या सुऱ्या परत पाठवायचा. संध्याकाळी माझ्याकडे यायचा आणि टीव्हीच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसायचा. आम्ही काय बोलणार? भाजीवाल्यानेही त्याची थट्टा सोडून दिली.

असा बराच काळ गेला. मग एकदा माझ्या फोनवर तिचा फोन आला. "काका, बाबांना म्हणावं, रविवारी जेवायला या." एवढं बोलून तिने पत्ता सांगितला. मी निरोप दिला तेव्हा तो चाकाच्या स्टुलावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. मग म्हणाला, एक सदरा शिवून द्याल का? डावी बाही जरा लांब ठेवा, बोटं झाकतील अशी.

तो तिकडून परतला नाही. तिच्या खोलीत, जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्याच गेला. तिने फोनवर सांगितलं की दोनदा भात मागून घेतला होता.

त्या रविवारी सकाळी निघताना तो नवा सदरा घालून माझ्या दारात उभा राहिला होता. मी बाही ओढून बघितली.

"जरा जास्तच लांब झालीय," मी म्हणालो. "आत घेऊ का?"

"राहू द्या, मास्तर," तो म्हणाला. "बस चुकेल."