माझे पाइप त्याच्या ताळेबंदात

माझ्या साडूनं मला फसवलं. माझेच पाइप आपले म्हणून बँकेला दाखवले आणि कर्ज घेतलं. आधीच सांगून टाकतो, कारण नात्यात ही गोष्ट उलटी करून सांगतात.

आदिलाबादजवळ बेल्यात माझं शेतीच्या पाइपांचं आणि मोटारींचं दुकान आहे. सायकलवर वॉशर विकत मी इथवर आलो. साडूला धंदा मीच शिकवला, रस्त्यापलीकडचा गाळाही घासाघीस करून मीच मिळवून दिला. मला मोटार वाइंडिंगचं वर्कशॉप टाकायचं होतं. जळालेली मोटार घेऊन इथल्या माणसाला आदिलाबाद गाठावं लागायचं. वाइंडिंग ज्याच्या दारात, गिऱ्हाईक त्याच्या दारात, हे मी साडूला कितीदा तरी बोललो होतो. त्याला म्हणे फक्त दुकान वाढवायचं होतं.

दोघांनीही एकाच बँकेत कर्जाचा अर्ज केला. त्यासाठी नफातोटा पत्रक आणि ताळेबंद लागतो. आदिलाबादच्या हिशेबनिसाकडे मी साडूलाही सोबत नेलं आणि दोघांचं काम एकदम आणलं म्हणून फी चांगलीच खाली आणली. हिशेबनिसानं तोंड वाकडं केलं, शिल्लक मालाची यादी आपापली लिहून द्या म्हणाला. मी प्रत्येक पाइपाला हात लावून यादी केली.

आमच्या बाजारात माल उसना जातो. गिऱ्हाईक उभं असलं की शेजारच्या दुकानातून आणून द्यायचं, हिशेब कापूस विकल्यावर. त्याची चिठ्ठी कोणी मागत नाही, मागितली तर समोरच्याचा अपमान होतो. एका संध्याकाळी साडू आला.

"साडभाऊ, बँकेचा सायेब उद्या माह्याकडं येऊन राह्यला. दुकान रिकामं दिसते. तुमचे पाइप दोन दिस ठेवू द्या."

"अन् माह्याकडं आला तं?"

"तुमचा नंबर पुढच्या हप्त्यात हाय. अन् तुमचं दुकान तं सायेब बाहेरूनच पास करन."

मी पाइप दिले.

दुसऱ्या दिवशी साहेबानं दोन्ही दुकानं एकाच दुपारी पाहिली. माझ्या यादीत पाइप होते, दुकानात मोकळी जागा. मी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. साहेबानं साडूला विचारलं आणि साडू तेलुगूत बोलला. माझं तेलुगू भाव करण्यापुरतं, पण तेवढं कळलं: पाइप यांच्याकडूनच विकत घेतले, पैसे कापसावर देणार. म्हणजे विकलेला माल मी शिल्लक दाखवला. खोटा मी ठरलो. मी इतका ओरडलो की साहेबानं बॅग बंद केली. माझा अर्ज परत आला.

पाइपही परत आले, हातगाडीवर, फडक्यानं पुसून.

आता त्याच्या दुकानाला काचेचा दरवाजा आहे आणि मागे शेडमध्ये मोटार वाइंडिंग. माझं वाइंडिंग. सकाळी शटर वर करताना माझी नजर आधी तिकडे जाते. माझ्याकडून पाइप घेणारी माणसं जळालेली मोटार खांद्यावर टाकून माझ्या दारावरून पलीकडे जातात. घरी बायको सांगते, बहिणीकडे नवीन कूलर आला, काय गार हवा आहे. मी जेवणावरून उठतो.

मी हिशेबनिसाकडे गेलो, दोन्ही ताळेबंद काढायला लावले. तेच पाइप दोन्हीकडे, तीच मापं. साडूनं यादी दिली तेव्हाच त्यात ते होते. माझ्याकडे मागायला तो नंतर आला. हे दिसलं नाही का, मी विचारलं.

"सेठ," तो म्हणाला, "दो का दाम आपने एक कराया था. मैंने भी दो बार नहीं देखा."

त्याला मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पण त्याचं नंतर बघू. पुढच्या महिन्यात मेव्हण्याचं लग्न आहे, सगळी सासरवाडी मांडवात असेल. तिथं साडूनं उभं राहून सांगावं, ते पाइप कोणाचे होते. तेलुगूत नाही. मराठीत, माझ्याकडे बघून.