मेंढरं कुठं गेली?

चकलांब्याचा नाथा बोलायला लागला की एक वाक्य, गप्प बसला की अख्खी दुपार. पण कुणी गोष्ट अर्धी टाकली की त्याला राहवत नसे. पारावर कुणी "मग काय, पुढचं तुमाला म्हाईतच हाय," म्हणून हात झटकले, की हा कोपऱ्यातून म्हणणार, "मला न्हाई म्हाईत. सांग." लोक हसायचे, चिडायचे आणि शेवटी सांगायचे. मेंढरांमागे जन्म गेलेला माणूस. एखादं मेंढरू दिसेनासं झालं, तर ते लांडग्यानं नेलं की कुणाच्या तुरीत शिरलं, हे कळल्याशिवाय तो भाकरीला हात लावत नसे. मेलेलं सापडलं तरी तो सोसायचा. न सापडलेलं मात्र त्याला छळायचं.

गेल्या दिवाळीनंतर कळप रस्त्यापलीकडे नेताना एका पिकअपनं त्याला उडवलं. मांडीचं हाड मोडलं. बायको वनमाला त्याच्यापाशी बीडला दवाखान्यात, लेक धनश्री गेवराईला कॉलेजात. मेंढरांमागं जाणार कोण? धाकट्या भावाला, रामहरीला, स्वतःची शेती आवरता आवरत नव्हती. नाथा घरी आला तेव्हा मेंढरांचं वाडगं रिकामं होतं.

"लिंबागणेशच्या एका बागायतदाराला दिली, दादा," रामहरी म्हणाला. "हिरीचं पाणी हाय, हिरवा चारा हाय. मजेत हायती."

नाथानं मान हलवली. जन्मात पहिल्यांदा त्यानं पुढचं विचारलं नाही. त्याला भीती वाटली, दुसरं काही नाही. रामहरी तेव्हापासून रोज सकाळी दूध घेऊन यायचा, उंबऱ्यावर टेकायचा आणि मेंढरांचा विषय सोडून जगातलं सगळं बोलायचा.

खाटेवर पडून पडून माणूस भिंतीशी भांडायला लागतो. सुट्टीला आलेल्या धनश्रीनं ते पाहिलं आणि त्याला मोबाइलवर एक गेम लावून दिला. त्यात एक मेंढपाळ आपला कळप डोंगरावरून खाली घरी आणतो. वाटेत लांडगे, दऱ्या, पुराची नदी. पोरं असला गेम एका दुपारी उरकतात, नाथाला उन्हाळा लागला. गेममध्ये गुण वेगाला होते आणि मागं राहिलेलं मेंढरू सोडून पुढं जायची मुभा होती. पण हा गडी एका लंगड्या मेंढीसाठी पुन्हा पुन्हा मागं फिरायचा.

"आबा, सोडा की तिला. त्यानं काय होत न्हाई," धनश्री म्हणायची.

"तुला होत नसंल."

नदीत मात्र त्याची दोन वाहून गेली. त्या दिवशी तो खरोखर जेवला नाही. वनमालानं कपाळावर हात मारून घेतला आणि ताट झाकून ठेवलं.

एका सकाळी कळप शेवटच्या पुलावर आला, लंगडीसुद्धा. अर्ध्या पुलावर असतानाच फटाके उडाले, आकडे नाचले आणि पडद्यावर पुन्हा पहिला डोंगर आला.

"मेंढरं कुठं गेली?" नाथानं विचारलं.

"आबा, जिंकलात तुमी."

"म्या ते इचारलं न्हाई. घरी पोचली का न्हाई?"

धनश्रीला हसू आलं, पण बापाचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं. माणसानं पुन्हा खेळावं म्हणून गेमवाले असंच करतात, असं तिनं समजावलं. नाथाला ते पटेना. माणसाला एवढं राबवून घ्यायचं आणि शेवट द्यायचा नाही, ही कुठली रीत? खेळ खोटा होता हे त्यालाही कळत होतं, पण त्यानं लावलेला जीव खरा होता.

पोरगीही बापाचीच. पुढं गेमवाल्यांनी त्याच गेममध्ये नवा शेवट घातला, तो तिनं मोबाइलवर उतरवून घेतला आणि नाथापुढं धरला. रामहरी दूध घेऊन नुकताच आला होता, तोही वाकून बघू लागला. हिरवंगार कुरण, निळं तळं, आणि नाथाचा सगळा कळप निवांत चरतोय.

नाथानं पडद्यावर बोट ठेवलं. "ही दोन कशी आली? ही तर नदीत वाहून गेलती."

"शेवट चांगला व्हावा म्हणून आणली असतील, आबा."

"ह्यो चांगला न्हाई, खोटा हाय." त्यानं मोबाइल खाली ठेवला आणि भावाकडं पाहिलं. "रामहरी, लिंबागणेशला आपली बी अशीच चरत असतील, न्हाई?"

रामहरीनं दुधाचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं.

"वाईट असलं तरी चालंल," नाथा म्हणाला. "पर सांग."

"कुणी पाळायला घेईना, दादा. चारा संपला व्हता. खाटकाची गाडी आली, त्यात सगळी गेली."

"आदी कोण चढलं?"

"मेंढा चढला, त्याच्यामागं बाकीची. येक आपली टिकली मागं ऱ्हायली, तू बाटलीनं दूध पाजून वाढवलेली ती मेंढी. घराकडं तोंड करून वरडत व्हती. म्या उचलून आत ठिवली तिला."

"हात फिरवलास तिच्यावरून?"

"फिरवला. मंग मला बघवंना. गाडी हलायच्या आदीच निघून गेलतो." रामहरी रडू लागला. इतके महिने त्यानं ते एकट्यानं सांभाळलं होतं.

नाथाही रडला, आणि ते त्यानं कुणापासून लपवलं नाही. बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं आणि हाक मारली, "वनमाला, पाणी काढ."

दूरच्या नातेवाइकाच्या मरणाची खबर उशिरा आली, तर ऐकल्या जागेवरून उठून डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. मेंढरांसाठी ते चकलांब्यात कुणी केलेलं नव्हतं. वनमालानं काही न विचारता बादली भरली. रामहरीनं भावाला आधार देत न्हाणीतल्या दगडावर बसवलं आणि पहिला तांब्या त्याच्या डोक्यावर ओतला. नाथानं डोळे मिटून पाणी अंगावरून जाऊ दिलं. मग त्यानं तांब्या भावाच्या हातातून काढून घेतला.

"आता तू बस," तो म्हणाला.